विरजणापुरतं

१

मी महाडमध्ये लॅब चालवते. रक्त, लघवी, थुंकी आणि शी. शेवटचा शब्द ऐकला की लोक नाक मुरडतात, पण पोट बिघडलं की तेच लोक प्लास्टिकची डबी रुमालात गुंडाळून, चोरी केल्यासारखा चेहरा करून माझा जिना चढतात. पंचवीस वर्षं मी त्या डब्या उघडतेय. माणसाच्या आतड्यात किती जंतू राहतात, कुठले कामाचे, कुठले उपटसुंभ, हे मला पाठ आहे. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते एखाद्या भोळ्या बाईचं बोलणं समजू नका. भोळी असते तर बरं झालं असतं.

घरात आम्ही तिघं होतो. मी शुभदा, माझे यजमान शरच्चंद्र आणि आमची ओवी. हे पोलादपूरच्या हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतात. ओवी वीस वर्षांची होती, इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

कॉलेजातून ती बरोबर चार वाजून दहा मिनिटांनी यायची आणि चपला काढायच्या आधी तिचं पोट वाजायचं. दोनदा आखूड, मग एकदा लांब. गुर्र, गुर्र, गुर्रर्रर्र. हे अगदी लहानपणापासूनचं. चार वर्षांची होती तेव्हा मी तिच्या पोटाला कान लावून विचारायचे, "आत कोण आहे?" ती श्वास रोखून, डोळे मोठे करून सांगायची, "भुंगा."

"काय हवंय भुंग्याला?"

"दही-साखर."

कॉलेजात गेली तरी भुंगा काही सुटला नाही. दारातून तो आवाज आला की मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, "आले गं, आले," आणि वाटी काढायचे.

२

मागच्या वर्षी यांच्या दाढेत पू झाला. त्यासाठी घेतलेल्या औषधांनी आतड्यातले चांगले जंतू धुऊन निघाले आणि एक दांडगा तेवढा मागे राहिला. दिवसाला पंधरा-पंधरा वेळा जुलाब. औषध दिलं की थांबायचे, औषध संपलं की पुन्हा सुरू. तीन महिन्यांत चौदा किलो वजन गेलं. यांची पॅन्ट मी सुतळीनं बांधून देत होते.

शेवटी पुण्याच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तुमच्या पोटातलं दूध नासलंय. चांगल्या पोटातलं विरजण लावू." म्हणजे निरोगी माणसाची शी घ्यायची, गाळायची आणि नळीनं यांच्या आतड्यात सोडायची. देणारा तरुण हवा, शक्यतो घरातला.

ओवीच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सगळ्या उत्तम. हे संकोचानं अर्धे झाले होते, तर ही म्हणते कशी, "बाबा, लहानपणी इतकी वर्षं माझी शी काढलीत, आता व्याजासकट घ्या." बाहेर बसलेल्या नर्सला हसू आवरेना.

नोव्हेंबरात ते झालं आणि चार दिवसांत जुलाब थांबले. पुन्हा गरज पडली तर असावं म्हणून थोडं उरलेलं मी डॉक्टरांना विचारून, ग्लिसरीनमध्ये घालून, बर्फात आणलं आणि लॅबच्या फ्रीझरमध्ये ठेवलं. एक छोटीशी बाटली. पुराच्या भीतीनं आमचा फ्रीझर वरच्या मजल्यावर असतो, तिथं ओवी स्वतः चढली आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवून आली. निळ्या पेनानं लिहिलं होतं, "बाबांचं विरजण. हात लावू नये. – ओवी."

आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुवायला जानकीबाई आहेत, बिरवाडीच्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली आणि मान डोलावली.

"बरं केलंस गो बाय. विरजणापुरतं काढून ठेवल्याबिगर भांडं धुवू नये."

३

जानेवारीतल्या एका मंगळवारी ओवी कॉलेज लवकर सुटलं म्हणून स्कूटीवर पोलादपूरला मैत्रिणीकडे वही द्यायला गेली. चार दहापर्यंत येते म्हणाली होती. मी वाटी काढून ठेवली. दही घातलं, साखर घातली. सव्वाचारला फोन आला. पोलादपूरच्या अलीकडच्या वळणावर टेम्पोनं मागून धडक दिली होती.

त्याबद्दल मी इतकंच सांगू शकते.

तेरा दिवस घरात कुणी दूध विरजलं नाही. चौदाव्या दिवशी भांडं उघडलं तर दह्यावर हिरवी-काळी बुरशी. माझ्या सासूबाईंपासून चालत आलेलं विरजण होतं ते. मी मोरीत ओतलं, भांडं घासलं, आणि त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा तिथंच फरशीवर बसून मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं असेल, ही दह्यासाठी रडतेय.

दुसऱ्या दिवशी जानकीबाई लॅबऐवजी सरळ घरी आल्या. हातात स्टीलचा डबा.

"घे. विरजण."

"तुमचं कशाला, जानकीबाई?"

"माझं कुठं? तुझंच हाय. दोन सालांमागं माझं नासलं तवा तुझ्याकडनंच नेलं नव्हतं का? दुसऱ्या भांड्यात गेलं म्हंजे मेलं नाय गो."

मी डबा घेतला आणि त्याच रात्री दूध विरजलं.

४

मे महिन्यातली गोष्ट. दुपारचं जेवण चाललं होतं. हे सहसा बोलत नसत आता. शाळेत जायचे, त्या वळणावर एस.टी.त डोळे मिटून बसायचे, परत यायचे. त्या दिवशी आमटी-भात खाताना माझी नजर यांच्या ताटाकडे गेली.

ताटाच्या डाव्या कडेला कढीपत्त्याची पानं लावून ठेवली होती. एकाशेजारी एक, सगळ्यांचे देठ बाहेर.

हे कढीपत्ता चावून खाणारे. "केस काळे राहतात," असं टकलावरून हात फिरवत सांगणारे. ताटाच्या कडेला पानांची शाळा भरवायची ती ओवी.

"हे काय?" मी विचारलं.

यांनी ताटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "मी कधी लावली?" म्हणाले.

मग एकेक दिसू लागलं. दह्यात मीठ घालणारा माणूस साखरेचा डबा ओढू लागला. शेवग्याच्या शेंगांवर जीव होता यांचा. ओवीला त्या वासानंच मळमळायचं. जूनमध्ये मी हौसेनं शेंगांची आमटी केली, तर पहिल्या घासाला हे उठून बेसिनकडे धावले.

माझ्याकडे उत्तर तयार होतं. पोटातले जंतू बदलले की खाण्याच्या आवडी बदलतात, त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. शिवाय दुःखात माणूस गेलेल्याच्या सवयी उचलतो, माझ्या आईनं नाही का बाबांच्या मागे त्यांचा चष्मा लावायला घेतला होता. हे सगळं मी स्वतःला समजावलं आणि मला पटलंही. फक्त ती पानं कुठल्या जंतूनं ओळीत लावली, ते काही मला कुठल्या पुस्तकात सापडेना.

५

एका सुट्टीच्या दिवशी हे कोचावर आडवे झाले होते. मी शेजारी बसून पालेभाजी निवडत होते. बाहेर लख्ख ऊन, रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. इतकी साधी दुपार.

यांचं पोट वाजलं. दोनदा आखूड, एकदा लांब.

माझ्या तोंडून शब्द गेले, "आले गं, आले." आणि मी वाटीसाठी उठलेसुद्धा. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर पाय थांबले. भिंतीवरच्या घड्याळात चार दहा झाले होते.

वळून पाहिलं तर यांचे डोळे मिटलेले होते. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी यांना न सांगता यांचा नमुना लॅबमध्ये नेला. स्लाइड केली, रंगवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काय दिसणार? दांडके, ठिपके, माळा. कुणाच्याही पोटात असतात तसे. मी तासभर बघत बसले. मला काय शोधायचं होतं ते मलाही सांगता आलं नसतं. जानकीबाई मागून म्हणाल्या, "कुणाचा रिपोट हाय गो येवढा?" मी म्हटलं, "घरचाच आहे." त्या माझ्या पाठीवर ओला हात ठेवून पुढे गेल्या.

त्यानंतर रोज चार दहा. रविवारी, सणाला, पोटभर जेवल्यावरसुद्धा. मी घड्याळ पाच मिनिटं पुढे करून पाहिलं. पोट जुन्याच वेळेला वाजलं.

६

ऑगस्टमध्ये शाळेच्या वाटेवर चिखलात यांच्या पायाला पत्रा लागला. दोन दिवसांत पोटरी लाल, गरम, तुकतुकीत झाली. ताप चढला. आमचे देवव्रत डॉक्टर घरी येऊन गेले.

"सरांच्या पोटाचा इतिहास मला माहीत आहे," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. "अँटिबायोटिक नाइलाजानं देतोय. पोटातलं नवं विरजण मरेल, ते पुन्हा लावता येईल. हे विष रक्तात गेलं तर मात्र माणूस हाती लागणार नाही. तीन दिवसांत उतार नाही पडला तर ॲडमिट."

गोळ्या आणल्या. हे माझ्यासमोर गोळी तोंडात टाकत, पाणी पीत. तिसऱ्या दिवशी मी घरीच रक्त काढून लॅबमध्ये नेलं. पहिल्या दिवशी पांढऱ्या पेशी अठरा हजार होत्या. आता चोवीस हजार. मी दोनदा मोजल्या. पोटात औषध गेलेलं रक्त असं दिसत नाही. हे रक्त खोटं बोलत नव्हतं, म्हणजे माझा नवरा बोलत होता.

यांच्या उशाशी खिडकीत तुळशीची कुंडी आहे. मातीत बोट घातलं. सहा गोळ्या. ओल्या होऊन फुगलेल्या.

७

मी खोलीत गेले तेव्हा साडेतीन वाजले होते. हे तापाच्या ग्लानीत होते, श्वास भराभर चाललेला, पायाची लाली गुडघ्याच्या वर सरकलेली. मी भांडायला आले होते. पण पलंगाशी बसले आणि यांच्या बनियनवरून पोटावर डोकं ठेवलं. का, ते विचारू नका. चाळीस मिनिटं बाकी होती चार दहाला, मला काही ऐकू यायचं कारण नव्हतं.

आत पोटातले नेहमीचे आवाज. पाणी सरकल्यासारखे. मी अगदी हळू विचारलं,

"आत कोण आहे?"

सगळे आवाज थांबले. पोट असं थांबत नाही कधी. पंचवीस वर्षांत मी इतकं गप्प पोट ऐकलं नव्हतं.

मग दोनदा आखूड. एकदा लांब.

  मी म्हटलं, "भूक लागली?"

एकदा. आखूड.

मग मला जे जानेवारीपासून विचारायचं होतं, जे कुणालाच विचारता येत नव्हतं, ते मी विचारलं. "खूप दुखलं का गं तुला?"

आतून एक आवाज निघाला. बारीक, लांब, वर वर चढत जाणारा. तो संपेचना. मी डोकं उचललं तरी कानात तो चालूच होता.

वर पाहिलं तर हे टक्क जागे होते.

"तुलाही ऐकू येतं तर," हे म्हणाले. "मला वाटत होतं, मीच वेडा झालोय."

"म्हणून गोळ्या कुंडीत?"

"एकदा गेली तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं, शुभा. आता आहे. माझ्या हातानं मी तिला मारू?"

"आणि तुम्ही गेलात तर? ती कुठे राहील?"

याचा विचार यांनी केला होता. ते मला यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"माझ्याबरोबर जाईल," हे म्हणाले. "ती तिथं एकटी नको. वळणावर एकटीच होती."

मी यांच्या थोबाडीत मारली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कधी हात उगारला नव्हता मी. आजारी माणसाला मारलं आणि मग त्याच्याच छातीवर पडून रडले. खाली पोटात अगदी शांत होतं, आई-बाबा भांडायला लागले की ओवी तिच्या खोलीत बसायची तसं.

८

त्या संध्याकाळपासून मी यांना दहीभात भरवायला लागले.

आधीच्या पोटात गेल्याच नव्हत्या, म्हणून ॲडमिट करायचं दोन दिवस लांबवलं आणि गोळ्या खलबत्त्यात कुटल्या. कडू लागू नये म्हणून साखर घातली, वरून तुपाची फोडणी, कढीपत्ता. पहिला घास घेताना हे माझ्याकडे बघत राहिले. कळलं असणार. भूगोलाचे असले तरी मास्तर आहेत. पण मी घास पुढे केला आणि यांनी तोंड उघडलं. माझ्या हाताला नाही म्हणवलं नसेल, किंवा जगावंसं वाटलं असेल. मी विचारलं नाही. खाताना पानं काढून ताटाच्या डाव्या कडेला ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी चार दहाला पोट वाजलं. दोन आखूड, एक लांब. नेहमीसारखं. मी पुढचा घास भरवला.

तिसऱ्या दिवशी लांब आवाज मध्येच तुटला.

चौथ्या दिवशी ताप उतरला. चार दहाला एकच आवाज आला, तोही असा की मी कान लावला नसता तर ऐकू आला नसता. मी म्हटलं, "आले गं, आले." आणि हातात तीच वाटी होती, तीच पूड मिसळलेली. कुठल्या आईनं भुकेल्या लेकराला असं काही भरवलं असेल? मी भरवलं. यांचे डोळे मिटलेले होते. माझे उघडे होते.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं घड्याळाकडे बघत बसलो. चार दहा झाले. सव्वाचार झाले. बाहेर भंगारवाला ओरडून गेला.

सातव्या दिवशी पेशी नऊ हजार. देवव्रत डॉक्टर खूश होऊन चहा पिऊन गेले. जेवताना हे म्हणाले, "जरा मीठ दे गं दह्याला." मी मीठ दिलं. यांनी भात संपवला, पाणी प्यायले, उठले.

ताट उचलायला गेले तर ते लख्ख होतं. कडेला एकही पान नव्हतं.

९

हे बरे आहेत. शाळेत जातात. पोटही अजून तरी ठीक आहे. कधी कधी चारच्या सुमाराला हात नकळत पोटावर जातो आणि मग तो हात कुठे ठेवावा ते यांना सुचत नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

काल दुपारी जानकीबाई लॅबच्या मोरीत काचेची भांडी उकळत्या पाण्यातून काढत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जानकीबाई, विरजण लावायच्या आधी भांडं कसं करता?"

"कढत पाण्यानं चांगलं धुवायचं. आधीचं काय बी आत राह्यला नको, नायतर नवं लागत नाय." मग हातातलं काम थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कशापायी विचारतेस?"

"असंच."

मी वर गेले. फ्रीझर उघडला. बाटली मागच्या कोपऱ्यात होती, तशीच. चिठ्ठीच्या कडा ओलीनं उचलल्या होत्या, निळी अक्षरं थोडी फुटली होती, पण वाचता येत होती. बाबांचं विरजण. हात लावू नये.

यांना परत देता आलं असतं. डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. पण यांना परत कधीतरी ताप येणार, परत गोळ्या लागणार, आणि मला परत कुटायला बसावं लागणार. ते माझ्याच्यानं होणार नाही. आणि खरं सांगू? यांची पाळी झाली. नोव्हेंबर ते ऑगस्ट. बोटांवर मोजून बघा, नऊ महिने होतात. आता माझ्याकडे. तिला पोटात वागवायची सवय मला यांच्या आधीपासूनची आहे.

यांच्याच अँटिबायोटिकच्या गोळ्यांची पट्टी मी सकाळीच आणून पदराला बांधली होती. सात दिवसांची, आधी भांडं धुवायला. लॅबवालीला डॉक्टरांची चिठ्ठी कुणी विचारत नाही. हे चूक आहे, धोक्याचं आहे, कुणी माझ्याकडे येऊन असं करते म्हणाली असती तर मी तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं असतं. ते सगळं मला माहीत आहे.

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नाही. खालून जानकीबाई हाक मारत होत्या, "शुभदाबाय, येवढा वेळ काय करतेस गो वर?" मी बाटली मुठीत धरली होती. हाताच्या उबेनं काचेवरचं धुकं विरलं आणि आतलं तपकिरी पाणी दिसायला लागलं.

तळातून एक बुडबुडा सुटून वर आला. मागोमाग दुसरा. दोन्ही बारीक. मग जरा थांबून एक मोठा, सावकाश, बुचापर्यंत.

"आले गं, आले," मी म्हणाले. बाटली जपून जागेवर ठेवली आणि पहिली गोळी गिळली.